बॅटरीचं टर्मिनल ढिलं आहे? नुसता नट आवळून भागत नाही

किल्ली फिरवली की एकच ‘टक’ असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझतात. बॉनेट उघडून टर्मिनल जरा हलवलं की गाडी लगेच सुरू होते. मग हाताला येईल तो पाना घेऊन नट जोर लावून पिळला जातो आणि काम झालं असं समजून बॉनेट बंद होतं. चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

यात गल्लत एकच होते. नट घट्ट झाला म्हणजे पकड घट्ट झाली असं धरलं जातं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नट पार आवळलेला असूनही क्लॅम्प, म्हणजे केबलच्या टोकाचं कडं, बॅटरीच्या खुंटावर (वर आलेल्या शिशाच्या जाड दांड्यावर) गरगर फिरू शकतो, आणि क्लॅम्प अजिबात हलत नसतानाही आतल्या काळ्या थरामुळे सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, पुरेसा करंट पोचत नाही. म्हणून आवळण्याआधी काढायचं, साफ करायचं आणि ढिलेपणाचं कारण शोधायचं. सगळं मिळून तासाभराचं काम आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही.

आधी खात्री: दोष टर्मिनलचाच का?

बॅटरी उतरली असेल तर किल्ली फिरवल्यावर दिवे मंद होतात, सेल्फ कण्हत फिरतो किंवा भराभर टकटक आवाज येतो. टर्मिनल ढिलं असेल तर प्रकार तुटक असतो: दिवे एकदम जातात आणि एकदम येतात, घड्याळ पुन्हा शून्यावर जातं, खड्ड्यातून जाताना हेडलाइट लुकलुकतात. एकाच दिवशी सकाळी गाडी रुसते आणि दुपारी मुकाट सुरू होते.

इंजिन बंद ठेवून एका वेळी एकच क्लॅम्प हाताने धरा आणि मनगटाने पिळून पाहा. केसभर जरी फिरला तरी तो ढिला आहे. दोन्ही घट्ट वाटत असतील तर मल्टिमीटर लावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीत चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा १२.२ च्या खाली असेल तर टर्मिनल नीट करूनही गाडी रुसू शकते. बॅटरी चार्ज करावी लागेल.

एवढ्याशा ढिलेपणाने इतका फरक का पडतो? रेडिओला दोन-चार अँपिअर पुरतात, पण सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, डिझेल गाडीत त्याहून जास्त. जोडात ०.०२ ओहम इतका किरकोळ अडथळा असला तरी १५० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट खर्च होतात. म्हणून हॉर्न खणखणीत वाजतो, दिवे लख्ख लागतात, पण सेल्फ फिरत नाही. हॉर्न वाजतोय म्हणजे जोड ठीक आहे, हा निष्कर्ष चुकीचा.

तयारी

नटाच्या मापाचा पाना घ्या. बहुतेक गाड्यांत तो १० नंबरचा असतो, काहींत ८, १२ किंवा १३. पकड किंवा मोठा ॲडजस्टेबल पाना नको. नटाचे कोपरे गोल झाले की पुढचं सगळं काम अवघड होतं. शिवाय तारेचा छोटा ब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, पाणी, जुना टूथब्रश, कोरडं फडकं, पेट्रोलियम जेली, हातमोजे आणि चष्मा. मल्टिमीटर असेल तर उत्तम.

अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. हे उगाच सांगत नाही. पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्या मध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लालभडक होते, बोटातून काढायलाही वेळ मिळत नाही.

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. लांबचा प्रवास करून आल्याआल्या काम सुरू करू नका. बॉनेट उघडं ठेवून थोडा वेळ जाऊ द्या. सिगारेट, काडेपेटी जवळ नकोच.

थांबा: बॅटरी फुगलेली असेल, कवचाला तडा गेला असेल, कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा खुंट स्वतःच बॅटरीच्या झाकणात हलत असेल, तर पुढे जाऊ नका. अशी बॅटरी दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी वेष्टणाच्या केबलला अजिबात हात लावायचा नाही, आणि त्यांच्या छोट्या १२ व्होल्ट बॅटरीसाठीही मॅन्युअलमध्ये दिलेला क्रमच पाळायचा.

पायरी १: गाडी पूर्ण बंद करा

हँडब्रेक ओढा, दिवे-पंखा-रेडिओ बंद करा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. किल्ली काढून खिशात घाला. गाडीत विसरलात आणि दारं लॉक झाली तर पंचाईत. बॅटरी डिक्कीत असेल आणि डिक्की बटणावर उघडत असेल तर काम संपेपर्यंत ती बंद करू नका.

मग दहा मिनिटं थांबा. हल्लीच्या गाड्यांतले कॉम्प्युटर इग्निशन बंद केल्यावरही काही वेळ जागे असतात आणि आपापली माहिती साठवत असतात.

इंजिन चालू असताना टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) चालतोय का’ हे पाहण्याची जुनी खोड अनेकांना असते. ती सोडून द्या. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतो आणि गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

पायरी २: आधी निगेटिव्ह काढा

केबलच्या रंगावर विसंबू नका. काही गाड्यांत दोन्ही केबल काळ्या असतात आणि लाल टोपी कुणीतरी चुकीच्या बाजूला घातलेली असू शकते. बॅटरीच्या कवचावर कोरलेलं + आणि − पाहा. पॉझिटिव्ह खुंट निगेटिव्हपेक्षा थोडा जाड असतो, त्यावरूनही खूण पटते.

आता निगेटिव्हचा नट सैल करा. आधी निगेटिव्हच का? गाडीचं सगळं लोखंडी अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं. तुम्ही आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. निगेटिव्ह आधी सुटलेलं असेल तर तोच पाना बॉडीला लागूनही काही होत नाही. फार जुन्या काही गाड्यांत मात्र पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. म्हणून नियम असा लक्षात ठेवा: बॉडीला जोडलेली बाजू आधी काढायची आणि शेवटी लावायची.

निगेटिव्ह क्लॅम्प काढल्यावर केबल बाजूला वळवून फडक्यात गुंडाळा. ती आपोआप वळून पुन्हा खुंटाला टेकण्याची सवय काही केबलना असते.

तपासा: निगेटिव्ह क्लॅम्पला चिकटलेला छोटा प्लास्टिकचा डबा आणि त्यात जाणारी बारीक वायर दिसते का? तो बॅटरीचा सेन्सर आहे. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत तो हमखास असतो. त्याला धरून क्लॅम्प ओढू नका, वाकवू नका. तसंच काही गाड्यांत पॉझिटिव्ह क्लॅम्पवरच फ्यूजची पेटी बसवलेली असते. तिच्या प्लास्टिकच्या कड्या आधी सोडवा, तिला हिसका देऊ नका.

पायरी ३: क्लॅम्प उतरवा, उचकटू नका

नट सैल करूनही क्लॅम्प निघत नसेल तर तो हाताने डावी-उजवीकडे हलके फिरवत वर घ्या. चिकटून बसला असेल तर क्लॅम्पच्या दोन कानांमधल्या (बोल्ट ज्यांतून जातो त्या दोन टोकांमधल्या) फटीत स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून फट किंचित उघडा. स्क्रूड्रायव्हर क्लॅम्पखाली घालून बॅटरीच्या झाकणावर टेकवून उचकटू नका. खुंट शिशाचा, मऊ असतो, आणि झाकणाशी त्याचा जो जोड असतो तो अशा तरफेने सैल होतो. पुढे तिथूनच ॲसिड झिरपायला लागतं.

निगेटिव्ह झाल्यावर पॉझिटिव्ह तसाच काढा.

पायरी ४: साफसफाई

टर्मिनलवर जमलेली पांढरी किंवा निळसर-हिरवी बुरशी म्हणजे ॲसिडची वाफ शिशाला आणि तांब्याला लागून तयार झालेले क्षार. कोरडी असताना ब्रशने उडवू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. त्यात शिसं असतं. पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर सोडा विरघळवा, टूथब्रशने लावा. फसफसेल. फेस थांबेपर्यंत थांबा, पुन्हा लावा. नंतर साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडं करा.

सोड्याचं पाणी बॅटरीवर ओतायचं नाही. ते झाकणांच्या छिद्रांतून आत गेलं तर आतल्या ॲसिडचीच ताकद जाते. पाणी भरायच्या बॅटरीची सगळी बुचं घट्ट लागली आहेत ना, हे आधी बघा.

बुरशी गेली की खरं काम सुरू होतं. क्लॅम्पच्या आतल्या बाजूला आणि खुंटाच्या अंगावर करडा-काळा थर असतो. तो बुरशीसारखा डोळ्यांत भरत नाही, म्हणून राहून जातो. तो शिशाचा ऑक्साइड आहे आणि करंट अडवतो. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपरची पट्टी खुंटाभोवती गुंडाळून फिरवा आणि शिसं चांदीसारखं चमकायला लागलं की थांबा. फार घासत बसलात तर खुंट बारीक होईल आणि जो ढिलेपणा घालवायला बसलात तोच वाढेल. कानस खुंटावर नकोच.

क्लॅम्पच्या आत पेपर बोटाने फिरवा. पूर्ण गोलाईत चमक आली पाहिजे. अर्ध्या भागात चमक आणि अर्ध्यात काळं राहत असेल तर क्लॅम्प वाकडा झालाय, ही खूण पुढच्या पायरीला उपयोगी पडेल.

थांबा: ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं पाणी मारत राहा आणि डॉक्टरांकडे जा. डोळ्यात सोडा घालायचा नाही.

पायरी ५: ढिलेपणाचं कारण शोधा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि म्हणून तोच नट पुन्हापुन्हा आवळत बसतात. स्वच्छ क्लॅम्प स्वच्छ खुंटावर ठेवून, बोल्ट न आवळता, नीट बघा. निगेटिव्ह अजून सुटलेलंच असल्यामुळे हे बघताना धोका नाही.

*कान एकमेकांना भिडलेत का?* क्लॅम्पच्या दोन कानांमध्ये आवळल्यानंतरही फट उरली पाहिजे. फट संपली की नट कितीही फिरवा, जोर कानांवर जातो, खुंटावर नाही. वर्षानुवर्षं आवळून क्लॅम्प ताणला गेला की असं होतं. यावर तीन उपाय आहेत. बरा उपाय म्हणजे नवा क्लॅम्प. दुसरा, खुंटावर बसणारी शिशाची किंवा पितळेची तयार बाही. ती एकच घालायची. तिची चीर क्लॅम्पच्या चिरेसमोर आणायची, म्हणजे आवळताना दोन्ही एकत्र मिटतात. तिसरा, क्लॅम्प जाड ओतीव शिशाचा किंवा पितळेचा असेल तर कानांच्या आतल्या बाजू कानशीने मिलिमीटरभर घासून फट वाढवणं. पत्र्याच्या घडवलेल्या क्लॅम्पवर हा तिसरा प्रयोग करू नका, कान तुटतो.

*क्लॅम्प आणि खुंट एकाच मापाचे आहेत का?* बॅटरी बदलल्यानंतर लगेच टर्मिनल ढिलं लागायला लागलं असेल तर पहिला संशय यावर घ्या. खुंटांची दोन मापं सर्रास दिसतात. जाड प्रकारात पॉझिटिव्ह सुमारे १७.५ आणि निगेटिव्ह सुमारे १५.९ मिलिमीटर, बारीक प्रकारात सुमारे १४.७ आणि १३. जाड खुंटाचा क्लॅम्प बारीक खुंटावर टाकला तर तो कधीच नीट धरणार नाही. इथे क्लॅम्पचा दोष नसतो. योग्य मापाची बाही घाला किंवा बॅटरीच बदलून घ्या.

*क्लॅम्प पूर्ण खाली बसतोय का?* खुंट सरळ नसतो, वर निमुळता असतो. क्लॅम्प वरच अडकला तर तो फक्त एका कड्यावर टेकतो. खुंटाचं टोक क्लॅम्पच्या वरच्या कडेच्या बरोबरीने किंवा किंचित वर दिसायला हवं. निगेटिव्हच्या मापाचा क्लॅम्प पॉझिटिव्हला लावला असेल तर तो असाच वर लटकतो, आणि मग कुणीतरी हातोडी मारून तो बसवतं. हातोडीच्या दोन ठोक्यांत आतला जोड तुटू शकतो. बाहेरून काही दिसत नाही आणि बॅटरी एक दिवस अचानक मरते.

*बोल्टचे आटे गेलेत का?* नट फिरत राहतो पण आवळत नाही. बोल्ट आणि नट दोन्ही बदला. बोल्टचं डोकं क्लॅम्पच्या खाचेत बसणारं असावं, नाहीतर नटाबरोबर तोही फिरेल.

*केबल क्लॅम्पमध्ये घट्ट आहे का?* खुंटावरची पकड पक्की, पण केबलच क्लॅम्पमधून हलते, असंही होतं. दोन स्क्रूंच्या पट्टीखाली केबल दाबणाऱ्या बाजारी क्लॅम्पमध्ये तर नेहमीच. पट्टी उघडा, तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडल्या असतील तर तेवढा भाग कापा आणि ताजं तांबं उघडं करा. सगळ्या तारा पट्टीखाली आल्या पाहिजेत, बाहेर पिसारा नको, आणि वेष्टण पट्टीखाली चेपलं जायला नको. वेष्टणाच्या आत खोलवर हिरवं दिसत असेल तर केबलच बदला. कंपनीने दाबून बसवलेल्या टोकाची केबल असल्या क्लॅम्पपेक्षा कधीही बरी.

जुगाडाबद्दल एकदाच: खिळा, नाणं, तारेचा वेढा, चॉकलेटची चांदी यांतलं काहीही क्लॅम्पमध्ये खुपसू नका. चांदी म्हणून ओळखला जाणारा तो कागद ॲल्युमिनियमचा असतो. सेल्फच्या करंटने तो वितळतो आणि ॲसिड त्याला खाऊन टाकतं.

पायरी ६: बसवा आणि आवळा

आधी बॅटरी स्वतः हलते का ते बघा. तिला धरून ठेवणारी पट्टी किंवा खालची अडकण सैल असेल तर प्रत्येक खड्ड्यात बॅटरी नाचते आणि केबल क्लॅम्पला ओढत राहते. ती अडकण आवळा, पण कवच दबेल इतकी नाही.

आता उलटा क्रम. आधी पॉझिटिव्ह. क्लॅम्पचे कान स्क्रूड्रायव्हरने किंचित उघडून तो हाताने तळापर्यंत दाबा, मगच आवळा. केबल नैसर्गिकपणे जिकडे पडते त्याच दिशेला क्लॅम्पचं तोंड ठेवा. पिळलेली केबल हळूहळू नट सैल करते.

किती आवळायचं? मॅन्युअलमधला आकडा बघा. बऱ्याच गाड्यांत तो ५ ते ६ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पाना नटापासून १० सेंटिमीटरवर धरून पाच-सहा किलो वजन उचलण्याइतका जोर. हे फारच कमी वाटतं, पण शिसं मऊ आहे. लांब दांड्याने अंगात येईल तेवढा जोर लावला की क्लॅम्प ताणला जातो आणि पायरी ५ मधली पहिली तक्रार तुम्ही स्वतःच तयार करता.

पॉझिटिव्हची लाल टोपी परत लावा आणि मगच निगेटिव्हकडे वळा. टेकवताना बारीकशी ठिणगी पडली तर घाबरू नका. मोठी, चटचट करणारी ठिणगी पडली तर थांबा: काहीतरी चालू राहिलंय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.

दोन्ही आवळून झाल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. आधी खुंटाला जेली फासून मग क्लॅम्प चढवण्यापेक्षा हे बरं. धातूला धातू टेकला पाहिजे. जेलीचं काम फक्त हवा आणि ओल बाहेर ठेवण्याचं.

पायरी ७: तपासणी

हाताने पिळून बघा, दोन्ही क्लॅम्प जागचे हलता कामा नयेत. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक थेट खुंटाच्या माथ्यावर, दुसरं त्याच बाजूच्या क्लॅम्पवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि सेल्फ फिरत असतानाचा आकडा वाचा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर जोड उत्तम. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर क्लॅम्प कितीही घट्ट वाटो, पायरी ४ पासून पुन्हा. नंतर दुसरी बाजू.

दोन्ही जोड चांगले निघाले आणि गाडी तरीही रुसते, तर निगेटिव्ह केबलचं दुसरं टोक शोधा. बॉडीला आणि इंजिनला जाणारं अर्थिंग गंजलेलं किंवा सैल असेल तर लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात.

घड्याळ लावा, रेडिओचा कोड टाका. आपोआप वर जाणाऱ्या काचा अर्ध्यात थांबत असतील तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. आयडलिंग पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जरा वर-खाली होतं, मग आपोआप जागेवर येतं.

रस्त्यात अडकलात तर

सोडा नाही, ब्रश नाही अशा वेळी: सगळं बंद करा, निगेटिव्ह काढा, पॉझिटिव्ह क्लॅम्प सैल करून खुंटावर आहे तिथेच डावी-उजवीकडे चांगला पिळा म्हणजे आतला थर थोडा घासला जातो, तळापर्यंत दाबा आणि आवळा, शेवटी निगेटिव्हही तसाच पिळून, दाबून लावा. घरी पोचेपर्यंत चालेल. घरी गेल्यावर मात्र पहिल्या पायरीपासून सगळं करा.

आठवड्याभराने

एकदा पुन्हा हाताने पिळून बघा, विशेषतः बाही घातली असेल तर. मऊ शिसं जागेवर बसलं की नट पाव फेरा सैल लागतो. बुरशी महिन्याभरातच परत आली तर टर्मिनलला दोष देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचा व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.५ अपेक्षित आहे. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बॅटरी जास्त चार्ज करतोय आणि ॲसिडची वाफ बाहेर पडतेय. ते काम मेकॅनिककडे द्या. व्होल्टेज ठीक असूनही एकाच खुंटाच्या मुळाशी ओल दिसत असेल, तर तो खुंट झाकणातून गळतोय आणि नवी बॅटरी घ्यावी लागेल.